पूजेला बसलेले गुटके

माझ्या सख्ख्या बहिणीनं मला कित्येक भाऊबिजांना ओवाळलं नाही, आणि कारण काय, तर लाकडाचे गुटके. हसू नका. मी हसलो नाही तेव्हा, आणि आजही त्या माणसाचं तोंड आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. तो माणूस म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, आमच्या घरचा जवाई.

गोंदियाबाहेर विमानतळ आहे असं सांगितलं की नागपूरकडचे लोक डोळे मिचकावायचे. तुमच्याकडे काय उतरते बाप्पा, बगळे? अरे, विमानं उतरतात. प्रवाशांची मोठी विमानं मी होतो तेव्हा क्वचितच दिसायची, पण वैमानिकी शिकायला आलेल्या पोरापोरींची दोन-चार माणसांची लहान विमानं दिवसभर धानाच्या बांध्यांवर घिरट्या घालायची. दोन हजार दहाच्या आगंमागं मी तिथं ट्रॅक्टर चालवायचो. गवत कापायचं, हत्यारांची ट्रॉली ओढायची, सांगतील ते सामान इकडून तिकडे न्यायचं. त्याआधी मी ट्रकवर होतो, सडक अर्जुनीच्या ढाब्यांवर जेवून रायपूरकडे जाणारा. तिथं गाडी ठोकली तर ठोकली, समोरचाही शिव्या द्यायचा, आपणही द्यायच्या, संपलं. विमानतळावर तसं नव्हतं.

विमान उभं असलं की लोकांना वाटतं, आता काय त्याला धोका. उलट आहे. उडणाऱ्या विमानाची काळजी घ्यायला वैमानिक असतो. उभ्या विमानाचा वाली कोणी नाही. ते काही बैल नाही की गाडी अंगावर आली तर बाजूला सरेल. त्याचा पत्रा इतका पातळ की ट्रॉलीचा कोपरा लागला तरी ते विमान दुरुस्तीला जाणार, आणि तो पोचा कोणाच्या नजरेस पडला नाही तर मग काय होईल हे बोलायलासुद्धा नको. म्हणून तिथं नियम होते. विमानाच्या जवळ गाडी माणसाच्या चालीनं न्यायची. मागं घ्यायची तर मागं कोणीतरी उभं राहून हात दाखवल्याशिवाय नाही. गाडी उभी करताना तिचं तोंड विमानाकडे कधी ठेवायचं नाही, विमानाला समांतर लावायची, म्हणजे ब्रेक सुटला तरी ती दुसरीकडे जाईल. आणि सगळ्यात मोठा नियम, चाकाखाली गुटका. साहेब लोक त्याला चॉक म्हणायचे, आम्ही गुटका. लाकडाचा तिरका कापलेला ठोकळा, दोरी बांधलेला, चाकाच्या पुढून आणि मागून अटकवायचा. विमानं उभी राहायची ती फरशी डोळ्याला सपाट दिसायची, पण पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला होता. ढिली सोडलेली गाडी हळूहळू चालायला लागायची.

हे सगळं मला शिकवलं चाचानं. चाचा म्हणजे इंधनाच्या टँकरचा ड्रायव्हर, डोंगरगडकडचा, वयानं माझ्या बापाएवढा. छत्तीसगडी मिसळलेली हिंदी बोलायचा. सुपारी-तंबाखूचा खर्रा खायचा, पण फरशीवर पाऊल ठेवायच्या आधी तोंड धुवून यायचा. माझ्याशी भांडायचा रोज. "ट्रॅक्टर खेत में चला रहा है क्या रे?" असं माझ्या ट्रॅक्टरसमोर उभा राहून ओरडायचा, सगळ्यांच्या देखत. मला राग यायचा, पण तो खरं बोलायचा म्हणून मी गिळून टाकायचो.

मग आमचे जवाई आले. विमानतळावरच्या गाड्यांचं काम एका ठेकेदाराकडे होतं, त्याच्या ओळखीनं हा थेट सुपरवायझर होऊन आला. त्याआधी एका राइस मिलवर हमालांवर ओरडायचं काम करायचा. तिथली शिट्टी तेवढी सोबत घेऊन आला. आम्ही पवार समाजाचे, आमच्यात जवायाचा मान काय असतो ते काय सांगू. घरी आला की आधी पाय धुवायला पाणी, मग पाट, मग माय स्वतः वाढणार. त्याच्यापुढे कोणी ब्र काढायचा नाही. बरं, घरी मानलं. पण हा गडी तो पाट विमानतळावरसुद्धा घेऊन फिरायचा! घरी भाऊजी म्हणायचं, कामावर साहेब म्हणायचं, आणि दोन्हीकडे त्याचंच खरं.

टँकरचा हँडब्रेक ढिला होता. चाचानं त्याला सांगितलं, मी सांगितलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्याचं उत्तर ठरलेलं.

"मंग गुटके कायले दिले तुम्हाले? गुटका लावा अन् चूप बसा."

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण त्याच तोंडानं पुढं जे केलं ते त्यालाच शोभतं.

नवमी आली. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली अवजारं धुऊन पुसून पूजेला मांडतात. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, नट आवळायचे पाने, पेंचिस, ज्याचं जे असेल ते. आणि एकदा मांडलं की त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या अवजाराला एक दिवस विसावा. मी ही रीत मानतो, आजही मानतो. माझे विळे त्या दिवशी उचलायला कोणी आलं तर मी भांडेन. पण शेतातलं काम एक दिवस थांबतं. विमानं त्या दिवशी थांबलेली नव्हती.

जवायानं सकाळीच सगळ्या गाड्या धुवायला लावल्या. झेंडूचे हार घातले. मग त्यानं गाड्या एका रांगेत लावल्या, तोंडं पूर्वेकडे करून. पूर्वेला काय होतं? विमानं.

मी म्हटलं, "भाऊजी, गाड्यायची तोंडं विमानाकडे करून कायले लावून राहिले?"

"पूर्वेकडे तोंड करून पूजा होते. तुझ्या तोंडाकडे पाहून नाही होत."

बाकीचे फिदीफिदी हसले.

हँगरच्या दाराशी पाट मांडला, त्यावर लाल कापड, कापडावर पाने, हातोड्या, विमान ओढायचा दांडा. आणि मग या शहाण्यानं सगळ्या गाड्यांचे गुटके गोळा केले. घासून धुतले. हळद लावली, कुंकवाची बोटं ओढली, एकेका गुटक्यावर झेंडूचं फूल ठेवलं. आमचं अवजार तेच ना, म्हणाला. मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं, खोटं कशाला बोलू. वर्षभर टायरखाली दबणाऱ्या लाकडाला कोणी कुंकू लावलं होतं. पण पुढच्याच क्षणी यानं तूप-वातीचा दिवा काढला आणि काडी ओढली. इंधनाचा टँकर पलीकडे उभा! मी पुढं झालो आणि तो दिवा फुंकून टाकला.

पूजेतला दिवा फुंकणं म्हणजे काय ते आमच्याकडे लहान पोराला ठाऊक असतं. जवायाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "घरी ये तू," एवढंच बोलला, पण असा बोलला की माझ्या हातातला नारळ मी खाली ठेवला.

पूजा आटपली. प्रसाद वाटणं चालू होतं आणि हँगरमधून निरोप आला की एका विमानाला इंधन पाहिजे, पोरगा उडणार आहे. ते विमान टँकरच्या बरोबर समोर उभं होतं. चाचानं टँकर वळवून समांतर लावतो म्हटलं. जवाई म्हणाला, कायले फेरा मारता, सरळ पुढं घ्या. चाचा गुटके मागायला आला.

"साहब, गुटका दे दो।"

"पूजेत बसले ते. आता उद्या उठतील."

"बिना गुटके के नहीं होगा साहब। हँडब्रेक तो आपको मालूम है।"

"मी बसतो गाडीत. ब्रेकवर पाय ठेवतो. झालं?"

इथं एक सांगायला हवं. टँकरचा पंप गाडीच्या इंजिनावर चालतो. म्हणजे इंधन भरताना इंजिन चालू असतं आणि गाडी न्यूट्रलमध्ये असते. तेव्हा गाडीला धरून ठेवणारं दुसरं काही नसतं, फक्त ब्रेक आणि गुटका. चाचाला हे माहीत होतं, म्हणून तो तिथं उभाच राहिला. जवाई वर चढून बसला, पाय ब्रेकवर ठेवला, खाली वाकून दाखवलासुद्धा. पाइप धरणारा गडी सणाला घरी गेला होता. तेव्हा चाचा स्वतः पाइप ओढून पंखाजवळ गेला आणि पाठ टँकरकडे करून इंधन भरायला लागला. साहेबाचा पाय ब्रेकवर असताना त्यानं आणखी काय करायला हवं होतं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

मी ट्रॅक्टरवर होतो, हँगरच्या बाजूला. तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस पूजेला आला. पांढरे कपडे, कपाळावर टिळा. जवायानं त्याला पाहिलं आणि कॅबिनमधून उडी मारली. प्रसादाचं ताट उचललं, या साहेब, या साहेब म्हणत त्याच्याकडे धावला. मला अजून दिसतो तो, पाठीत वाकलेला, हातात शिऱ्याचा द्रोण.

टँकरच्या तोंडावरचा झेंडूचा हार हलला. वारा नव्हता. चाकाखाली गुटके नाहीत, हँडब्रेक ढिला, आणि ब्रेकवर ठेवलेला जवायाचा पाय शिऱ्यामागे गेलेला. टँकर उतरणीला लागला, समोर पंख, आणि पंख आणि टँकरच्या मधोमध चाचा.

मी ओरडलो. इंजिनाच्या आवाजात चाचाला ऐकू गेलं नाही. मी पळालो. चाचानं शेवटच्या घडीला मान वळवली, पाइप सोडला आणि बाजूला झाला, पण एक पाय राहिला. त्यावरून चाक गेलं. टँकरचं तोंड हारासकट पंखावर जाऊन टेकलं आणि पत्रा आत दबल्याचा आवाज आला. मी कॅबिनमध्ये चढून ब्रेक दाबला, इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये टाकली. सगळीकडे पेट्रोलचा वास. चाचा खाली बसून आपल्या पायाकडे पाहत होता, ओरडत नव्हता. "मैं बोला था," एवढंच म्हणत होता, "मैं बोला था ना।"

आणि आता ऐका. मी कॅबिनमधून उतरत होतो तर आमचे जवाई हँगरकडून पळत येताना दिसले. मला वाटलं, चाचाला उचलायला येऊन राहिला. हातात काय? गुटके! पूजेतले गुटके! जे दुसऱ्या दिवसापर्यंत उठणार नव्हते, ज्यांना चाचासाठी हात लावायचा नव्हता, ते यानं स्वतः उचलले आणि टँकरच्या चाकाजवळ आणून टाकले. एकावरचं फूल तसंच चिकटलेलं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तो मोठ्यानं ओरडला, "गुटके नीट नाही लावले का चाचा? किती खेपा सांगितलं!"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती मी त्या दिवशी अनुभवली. चाचा समोर पडलेला होता म्हणून, नाहीतर मी त्याला तिथंच बुकलला असता. जवाई गेला खड्ड्यात. आधी चाचाला जीपमध्ये टाकून दवाखान्यात नेलं.

चौकशी लागली. जवायानं दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगितल्या. विमानतळाच्या साहेबांना सांगितलं, ड्रायव्हर म्हातारा झाला, गुटके तिरपे लावले, गाडी त्यांच्यावरून उडी मारून गेली. आणि घरी सांगितलं, यानं पूजेतला दिवा फुंकला म्हणून हे घडलं. म्हणजे ऑफिसात चाचा दोषी, घरात मी दोषी, आणि हा कुठंच नाही. चाचाची नोकरी जाणार हे सगळे धरूनच चालले होते. पायाला प्लास्टर, त्यात म्हातारा ड्रायव्हर म्हणून शिक्का, त्याला पुढं कोणी गाडी दिली नसती.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी माझी बहीण आली. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. मायच्या मागं लपून मी मार चुकवायचो तेव्हा मला बाहेर ओढून काढणारी ही, आणि मग माझ्या वाटचा मार स्वतः खाणारीही हीच. ओसरीवर बसली. पाणीसुद्धा प्याली नाही.

"उद्या तू काही बोलशील नको," म्हणाली.

"काऊन?"

"काऊन म्हणजे? तुझे भाऊजी आहेत ते. मले त्याच घरात राहा लागते. चाचा कोण तुझा? छत्तीसगडचा माणूस, उद्या निघून जाईल."

"त्याचा पाय गेला बाई."

"अन् माझा संसार गेला तर?" तिनं पदर खोचला. "दिवा तू फुंकला. तू फुंकला नसता तर काही झालं नसतं."

इथं माझं डोकं फिरलं. "दिवा फुंकला नसता तर तुझा नवरा आज जळून कोळसा झाला असता! त्याले वाचवलं मी!"

ती उठली. उंबऱ्याजवळ थांबून म्हणाली, "बोलला तर मले बहीण नाही म्हणायचं." मग गेली. मायनं मला जेवायला वाढलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसली. कोणाच्या बाजूनं आहे ते तिनं सांगितलं नाही, पण मला कळलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, तू काय पाहिलं? जवाई समोरच्या खुर्चीत. माझ्याकडे असा पाहत होता जसा घरी पाटावर बसून पाहायचा, वाढ म्हणून. मी सांगितलं. गुटके पूजेत होते, चाचानं मागितले, यानं दिले नाहीत. ब्रेकवर पाय ठेवतो म्हणून हा वर बसला आणि प्रसाद द्यायला उतरला. मग पळत जाऊन गुटके आणून टाकले, मी डोळ्यांनी पाहिलं. चौकशीआधी कोणी तोंड उघडत नव्हतं, पण मी बोलल्यावर हँगरमधल्या आणखी दोघांना कंठ फुटला. सगळं दहा मिनिटांचं काम. बाहेर आल्यावर जवाई माझ्याजवळून गेला आणि खाली थुंकला.

त्याला काढलं. चाचा राहिला. प्लास्टर निघाल्यावर लंगडत आला, पुन्हा टँकरवर बसला. मला वाटलं, दोन गोड शब्द बोलेल. कसचं काय! "बहन से बिगाड़ लिया, पगला कहीं का," म्हणून माझ्यावरच चिडला, आणि मी ट्रॅक्टर वाकडा लावला म्हणून आणखी चार शिव्या दिल्या.

पण हे पुढचं झालं, त्याआधीच दिवाळी आली. भाऊबिजेला मी साडी घेऊन बाईच्या गावी गेलो, बोदलकसाच्या वाटेवर आहे तिचं गाव. म्हटलं, रागाचं असेल, दारात उभं पाहिलं की विरघळेल. जवाई अंगणात होता. "इथं तुमचं कोणी नाही राहत," म्हणाला, तुम्ही म्हणून, परक्यासारखं. बाई दाराच्या आड होती. तिच्या बांगड्या मला दिसत होत्या. ती बाहेर आली नाही. मी साडी कुंपणावर टाकून परत फिरलो आणि रस्ताभर दोघांनाही तोंडात येईल ते बोलत आलो. रडलोसुद्धा, कशाला लपवू. पुढच्या वर्षी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही.

मग बऱ्याच वर्षांनी भाचीचं लग्न निघालं. पत्रिका आली नाही. भाचीचा फोन आला. "मामा, तुम्ही हात धरून मांडवात नेल्याबिगर मी उभी नाही राहणार. बाबाले सांगून दिलं मी." पोरगी माझ्या वळणावर गेली आहे.

गेलो. अंगणात मांडव, माणसांची वर्दळ. मांडवाच्या कडेला जवायाची जीप उभी होती, उतरणीला, पण तोंड मांडवाकडे नाही, आडवी लावलेली. आणि मागच्या चाकाखाली गुटका. वीट नाही, गोटा नाही, सुताराकडून तिरका कापून घेतलेला सागवानी गुटका, दोरी बांधलेला. मी तिथंच थांबलो.

बाई कधी येऊन बाजूला उभी राहिली कळलं नाही. केस पिकले होते तिचे. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "दाराशी गाडी लावली तरी गुटका लावल्याबिगर घरात पाय नाही ठेवत ते. पोरायले मारते त्याच्यासाठी. अन् तुझं नाव निघालं का आजही ताटावरून उठते."

"उठू दे," मी म्हटलं. "गुटका लावते ना?"

तिनं पदर तोंडाला लावला. हसली की रडली, मी पाहिलं नाही. आतून जवायाचा आवाज आला, तोच तो हमालांवर ओरडायचा आवाज, "मामा कोठी मेला? पोरगी खोळंबली!"

मी निघालो. जाता जाता त्या गुटक्याला पायानं एकदा रेटून पाहिलं. घट्ट बसलेला होता.